पुठ्ठ्याखालची हरळी

"तण म्हणजे काय?" दिगंबरराव परचुऱ्यांनी खुरपं छडीसारखं हवेत नाचवलं. "नको तिथे जे उगवतं ते तण! उद्या गुलाबाच्या वाफ्यात बासमती उगवला, तरी तो तणच. आलं लक्षात?"

समोर बुद्धभूषण ओव्हाळ फ्रिजच्या खोक्याचा भलामोठा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून उभे होते. पुठ्ठ्याच्या वर त्यांचे फक्त डोळे आणि टक्कल दिसत होतं. दोघेही खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. दिगंबरराव तपासणी विभागातून, ओव्हाळ भांडार विभागातून. तीस वर्षं दोघांनी एकाच बसने ये-जा केली, एकाच बरणीतलं लोणचं खाल्लं, आणि निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतल्या एकाच इमारतीत घर घेतलं. परचुरे तळमजल्यावर, ओव्हाळ त्यांच्या डोक्यावर. त्यामुळे दिगंबररावांची व्याख्यानं उभ्याने ऐकायचा ओव्हाळांना चांगला सराव होता.

"आलं लक्षात," ओव्हाळ म्हणाले. "पण ही हरळी आहे, परचुरे. आमच्या गावाकडे हरळी काढायला नांगर लावतात. नांगर झिजतो, हरळी झिजत नाही."

"तुमच्या गावाकडे मल्चिंग नव्हतं!"

ओव्हाळांनी पुठ्ठा हरळीवर आडवा टाकला.

परचुऱ्यांच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांचं परस होतं. तिथे टोमॅटो लावायचे, गुलाब फुलवायचे आणि सकाळचा चहा त्यांच्या सोबतीने प्यायचा, असं दिगंबररावांचं निवृत्तीचं स्वप्न होतं. ते स्वप्न अकरा वर्षं हरळी खात होती. ते आज उपटायचे, ती परवा दुप्पट होऊन हजर! यंदा त्यांनी भिंतीलगतची हातभर पट्टी खोल खणून काढली, आणि कमरेत उसण भरून चार दिवस पाटासारखे आडवे पडून राहिले. पडल्यापडल्या त्यांनी मोबाइलवर मल्चिंगचा एक व्हिडिओ पाहिला आणि त्यांचे डोळे उघडले. तणावर पुठ्ठा अंथरायचा, पुठ्ठ्यावर ओल्या वर्तमानपत्रांचे थर, आणि वर वीतभर पालापाचोळा. उजेड बंद, तण खलास! खणणं नाही, वाकणं नाही!

संधीही नामी होती. उल्काताई, म्हणजे दिगंबररावांच्या सौभाग्यवती, पंधरा दिवसांसाठी नाशिकला गेल्या होत्या. लेकीचं, ऋचाचं, घर बदलायचं होतं. "उल्का परत येईल तेव्हा तिला स्वतःचं परस ओळखू येता कामा नये!" असं दिगंबरराव दिवसातून तीनदा म्हणत. माणसाने काही वाक्यं जरा जपून बोलावीत.

दोन दिवसांत काम फत्ते झालं. अकरा खोक्यांचे पुठ्ठे, अडीच महिन्यांची वर्तमानपत्रं आणि बोळ झाडणाऱ्या चंपाताईंकडून हात जोडून मिळवलेली नऊ पोती पाचोळा! दिगंबररावांनी काठाकाठाने फिरून तपासणी केली, कुठे फट दिसली की "नापास!" असं ओरडून ओव्हाळांकडून तिच्यावर आणखी एक पुठ्ठा टाकून घेतला. शेवटी फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'परचुरे परस. शंभर टक्के तणमुक्त!'

उल्काताई त्या ग्रुपवर नव्हत्या. सात अंगठे आले, दोन नमस्कार आले. तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाईंचा फक्त एक शब्द आला: 'कळेल.'

आनंदीबाई शहाऐंशी वर्षांच्या. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या. इमारतीचा गणपती त्यांच्या शब्दावर बसतो आणि त्यांच्या शब्दावर उठतो. दिगंबररावांनी तो शब्द कौतुकाचा समजला.

बारा दिवस सुखात गेले. दिगंबरराव परसाच्या पायरीवर बसून चहा पीत आणि पाचोळ्याकडे एखाद्या बागायतदारासारखे बघत. मग चतुर्थीला दोन दिवस उरले असताना उल्काताईंचा फोन आला.

"अहो, ऐकलंत का!" त्यांचा आवाज आनंदाने चिरकत होता. "आनंदीबाईंचा फोन आला होता. यंदा दूर्वा आपल्या!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! गणपतीच्या दूर्वांचा मान यंदा आपल्याकडे! दर वर्षी पूर्णिमाताईंच्या गच्चीतल्या कुंड्यांमधल्या असतात ना? त्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय, कुंड्या गेल्या. आनंदीबाई म्हणाल्या, 'बाजारच्या दूर्वा मला चालणार नाहीत, कुठल्या नाल्याकाठच्या असतील देव जाणे. उल्का, तुझ्या परसात इतक्या आहेत, तूच दे.' एकवीस जुड्या, एकेकीत एकवीस! अहो, अकरा वर्षं मी त्या गणपतीला नुसते नारळ सोलतेय. अकरा वर्षं! कुणी विचारलं नाही. आणि आता..."

दिगंबररावांनाही भरून आलं. "अगं, छानच की! पण आपल्या परसात दूर्वा कुठायत?"



"अहो, संपूर्ण परस भरून आहेत! ते तुम्ही हरळी हरळी म्हणून जिच्या नावाने खडे फोडता ना, त्याच दूर्वा! पाणी घालताय ना त्यांना?"

आता दिगंबररावांचाही फार दोष नव्हता. जन्मभर त्यांनी दूर्वा पाहिल्या त्या तबकात. जुडी बांधलेल्या, शेंदूर आणि जास्वंदीच्या शेजारी, अगदी सोज्वळ! आणि हरळी पाहिली ती जमिनीत, टोमॅटोच्या नरड्यावर बसलेली. सज्जनाचे आणि गुंडाचे आईवडील एकच असतील हे कसं सुचावं माणसाला?

"घालतोय ना पाणी," ते म्हणाले, आणि पायरीवर मटकन बसले.

"परवा सकाळी साडेसहाला आनंदीबाई स्वतः येणार आहेत खुडायला. मी उद्या संध्याकाळी पोचते. परस तेवढं स्वच्छ ठेवा हं!"

दिगंबररावांनी धावत जाऊन भिंतीजवळचा पुठ्ठा उचलून पाहिला. खाली काळी कुळकुळीत माती, तीन गांडुळं आणि एक गोगलगाय. हरळीचं नाव नाही! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट व्हिडिओत दाखवतात तशी झाली होती, आणि दिगंबररावांना रडू येत होतं. आपण ही पट्टी आधीच खोल खणून काढली होती, हे त्या गडबडीत त्यांच्या लक्षातच आलं नाही. एक कोपरा पाहून तपासनीसाने अख्ख्या मालाचा निकाल लावला!

"खरं सांगून टाका वहिनींना," वरून धावत आलेले ओव्हाळ म्हणाले.

"काय सांगू? अकरा वर्षांनी मिळालेल्या तुझ्या मानावर मी फ्रिजचा पुठ्ठा अंथरला, असं सांगू?"

त्याच दुपारी दिगंबरराव पिशवी घेऊन जवळच्या बागेत गेले आणि हिरवळीवर ओणवे झाले. दोन मिनिटांत रखवालदार हजर!

"काका, हिरवळीवर चालू नका अशी पाटी आहे."

"मी चालत नाहीये. खुडतोय."

"खुडू नका अशी पाटी नाहीये," रखवालदार शांतपणे म्हणाला, "कारण आजवर माणसं चरायला आली नव्हती."

मग उरला एकच मार्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हाळांच्या स्कूटरवर बसून दोघे मार्केट यार्डच्या फुलबाजारात गेले. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा फुलबाजार! झेंडूच्या ढिगांमधून आणि हमालांच्या कोपरांमधून वाट काढत, चष्म्याची एक काडी गमावून, दिगंबररावांनी पंचवीस जुड्या मिळवल्या. ताज्या, हिरव्यागार, प्रत्येकीला बुडाशी हिरवं रबर.

"झालं! वहिनींच्या हातात द्या या जुड्या," ओव्हाळ स्कूटर चालवता चालवता मागे ओरडले.

"अहो, आनंदीबाई खुडायला येणार आहेत! तबकातून कशा खुडतील? या परसात, पाचोळ्यातून उगवून आलेल्या दिसल्या पाहिजेत!"

स्कूटर एकदम डावीकडे झुकली. "परचुरे, तुम्ही या लावणार?"

दुपारभर दिगंबरराव पाचोळ्यात भोकं पाडून जुड्या खोवत होते. रबर काढलं तर दूर्वा आडव्या पडत, ठेवलं तर ताठ उभ्या राहत. म्हणून रबर ठेवलं आणि ते नीट पाचोळ्यात पुरलं. खुडणारी बाई वरच्यावर शेंडे खुडेल, खालचं कशाला बघेल? तपासणी विभागातल्या माणसाची नजर. त्यांनी दोरी धरून पाच ओळी केल्या. एका ओळीत पाच. दोन जुड्यांत बरोबर दोन फूट.

ओव्हाळ हाताची घडी घालून बघत होते. "परचुरे, हरळी कवायत करत नाही."

"जरा कलाबिला बघायला शिका, ओव्हाळ!"

संध्याकाळी उल्काताई आल्या. आल्या त्या थेट मागच्या दाराकडे! दिगंबरराव आडवे आले.

"उद्या सकाळी बघ. मागे निसरडं झालंय, पाय घसरेल तुझा."

उल्काताई थबकल्या. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण आपल्या पायाची इतकी काळजी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. "इश्श," असं काहीतरी पुटपुटत त्या आत गेल्या, आणि रात्रीच्या जेवणाआधी तांब्याचं मोठं तबक चिंच लावून घासत बसल्या. गुणगुणत होत्या! दिगंबररावांना नाशिकचा चिवडा घशाखाली उतरेना. फसवणूक दारूगोळ्यात केली नाही, आणि आता या भोळ्या बाईशी करतोय, या विचाराने त्यांचा जीव अगदी कासावीस झाला. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यात उल्काताईंनी चिवड्याचा चमचा घातला.

सकाळी ठीक साडेसहाला आनंदीबाई काठी टेकत आल्या. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्णिमा गोगटे, 'बघू तरी' असा चेहरा करून. त्यांच्या मागे ओव्हाळ, मैत्रीखातर. उल्काताई ठेवणीतलं लुगडं नेसून, झळझळीत तबक हातात घेऊन पुढे. मागचं दार उघडलं.

पाचोळ्याच्या करड्या पसाऱ्यावर पंचवीस हिरवे झुपके ओळीने उभे होते. रात्रीत त्यांनी माना टाकायला सुरुवात केली होती.

"हे काय?" उल्काताईंच्या तोंडून निघालं.

"मल्चिंग," दिगंबरराव म्हणाले. त्यांना तेवढा एकच शब्द आठवला.

"ओळीत उगवल्यात," पूर्णिमाताई म्हणाल्या. "आमच्या कुंडीत आपल्या कशाही उगवायच्या. शिस्त नव्हती."

आनंदीबाई हळूहळू वाकल्या, पहिल्या ओळीतला पहिला झुपका चिमटीत धरला आणि शेंडा खुडायला हलकासा हिसका दिला. अख्खी जुडी हातात आली! बुडाशी हिरवं रबर. आनंदीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, रबर दोन बोटांनी ताणलं आणि सोडलं. टप्प! असा आवाज झाला.

"दिगंबर," त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी मुळांचे दोन प्रकार शिकवले. सोटमूळ आणि तंतुमूळ. हे तिसरं आज पाहिलं."

पूर्णिमाताईंना ठसका लागला. ओव्हाळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले; त्यांचे खांदे हलत होते.

मग दिगंबररावांनी सगळं सांगितलं. पुठ्ठे, वर्तमानपत्रं, बाग, रखवालदार, मार्केट यार्ड, चष्म्याची काडी, सगळं! सांगताना ते फक्त उल्काताईंकडे बघत होते. त्यांना वाटलं, आता आभाळ कोसळेल. पण उल्काताई ओरडल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या, रिकामं तबक मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, माझा पाय घसरेल म्हणून म्हणताय."

बस, एवढंच. त्यापेक्षा त्यांनी तबक फेकून मारलं असतं तर दिगंबररावांना बरं वाटलं असतं.

"मी नारळच सोलते," उल्काताई उठल्या.

"बस खाली," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी काठीचं टोक परसाच्या मधोमध पाचोळ्यात खुपसलं आणि पुठ्ठ्याची कड उचकटली. "ओव्हाळ, जरा हात लावा इकडे."

ओव्हाळांनी पुठ्ठा ओढला. ओला पुठ्ठा फाटत वर आला, आणि खाली... हातभर लांब, नाजूक, पांढऱ्याशुभ्र काड्या! एक नाही, दोन नाही, शेकडो. एकमेकींवरून सरपटत, पुठ्ठ्याच्या चिरांमधून नाक खुपसत, प्रत्येकीच्या टोकाला पिवळसर कोवळे शेंडे.

"अगबाई!" पूर्णिमाताईंनी हात जोडले. "पांढऱ्या दूर्वा! हजारात एखादीला मिळतात म्हणे!" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. काय सांगावं! पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजायला लागली. कुणी पायजम्यावर, कुणी अर्धी दाढी केलेलं, एक जण दात घासता घासता. चौथ्या मजल्यावरच्या नम्रताने येताना निरांजनच आणलं आणि फ्रिजच्या पुठ्ठ्याला ओवाळलं! 'ही बाजू वर' असं छापलेल्या जागी कुणीतरी कुंकू वाहिलं.

"परचुरेकाका, हे तुम्ही कसं केलंत?" नम्रताने भाबडेपणाने विचारलं.

दिगंबररावांच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. "त्याचं असं आहे," ते घसा खाकरून म्हणाले, "ही एक विशिष्ट पद्धत..."

"दिगंबर, तू गप्प बस," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे ते निरांजन विझवा आधी, पाचोळा पेटेल. कसला चमत्कार नि कसलं काय! अंधारात कोंडलं की कुठलंही गवत पांढरं पडतं. सातवीला आहे हे. झाडाला उजेड मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ."

गर्दीचा चेहरा पडला. उल्काताईंचा सगळ्यात जास्त.

"म्हणजे चालणार नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

आनंदीबाईंनी एक शेंडा खुडला, तळहातावर ठेवला, चष्म्याजवळ नेला. "तीन पाती आहेत. कोवळी आहे. घरची आहे. चौदा दिवस या माणसाने छातीवर पुठ्ठा ठेवला, तरी जिवंत आहे. यापेक्षा चांगली दूर्वा मला तरी दाखवता येणार नाही. आण ते तबक, उल्का."

उल्काताईंनी तबक पुढे केलं. मग सगळी इमारतच ओणवी झाली. एकवीस गुणिले एकवीस, चारशे एक्केचाळीस शेंडे! पूर्णिमाताईंनी स्वतः जुड्या बांधल्या, आणि दोऱ्याने बांधल्या. गणपतीपुढे तबक ठेवायला उल्काताई गेल्या तेव्हा सगळे बाजूला झाले. दिगंबरराव मागे उभे राहून नारळ सोलत होते. हात सोलवटले, पण त्यांना इतका आनंद झाला होता की विचारू नका. त्यांचं मल्चिंग साफ फसलं होतं, आणि ते फसलं म्हणूनच त्यांना घरात जेवण मिळणार होतं.

आनंदीबाईंनी आरतीनंतर जाहीर केलं, "यापुढे दर वर्षी दूर्वा उल्काच्या."

त्या दिवसापासून परसाचं खातं बदललं. पुठ्ठे निघाले, पाचोळा परत पोत्यात गेला, उजेड आला आणि पंधरवड्यात हरळी अशी माजली की मागचं दार उघडेना. दिगंबररावांची नेमणूक रोज सकाळी तिला पाणी घालण्यावर झाली. पगार नाही, रजा नाही, आणि तपासणीला उल्काताई. अकरा वर्षं जिच्याशी लढले, तिला आता ते झारीने पाणी घालतात, आणि वरून ओव्हाळ खिडकीत उभे राहून चहा पीत बघतात.

परवाची गोष्ट. पाणी घालता घालता दिगंबरराव अचानक थांबले. हिरव्यागार दूर्वांच्या मधोमध एक इवलंसं रोप डोकं वर काढून उभं होतं. कातरलेली पानं, देठावर बारीक लव. टोमॅटो! अकरा वर्षांपूर्वी टाकलेल्या कुठल्या बीला आज जाग आली देव जाणे. दिगंबररावांचे डोळे भरून आले.

"उल्का! अगं ए, लवकर ये! टोमॅटो आला!"

उल्काताई बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी रोपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, तण म्हणजे काय असं तुम्ही नेहमी सांगता?"

वरच्या खिडकीतून ओव्हाळांनी तत्परतेने आठवण करून दिली, "नको तिथे जे उगवतं ते, वहिनी!"

"मग उपटा," उल्काताई म्हणाल्या. "आणि हो, तुम्ही दूर्वांवर उभे आहात."

दिगंबररावांनी खाली पाहिलं. खरंच उभे होते. त्यांनी आधी टोमॅटो उपटला, आणि मग स्वतःला उपटून पायरीवर नेऊन लावलं.